घाटात रुसणारी गाडी

उन्हाळ्याच्या दुपारी खोपोलीहून बोरघाट चढताना एक दृश्य पूर्वी हटकून दिसे. रस्त्याच्या कडेला जुनी फियाट उभी, बॉनेट उघडे आणि इंजिनाच्या एका भागावर ओले फडके. अर्ध्या तासाने गाडी जणू काही झालेच नाही अशी सुरू होई. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये नेली तर दोष सापडत नसे. मग आज प्लग बदल, उद्या कॉईल बदल असा खर्च सुरू होई. शेवटी 'गाडीच बेभरवशाची' म्हणून मालक ती पडेल भावाने विकून टाकी. पुष्कळदा गाडीत बिघाड नसेच. अडचण होती पेट्रोलच्या उत्कलनाची.

पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, तसा पेट्रोलला एकच उत्कलनबिंदू नसतो. ते अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५ अंशांच्या आसपासच उकळू लागतात, तर जड घटकांना सुमारे २०० अंश लागतात. हलके घटक मुद्दामच ठेवलेले असतात. ते नसतील तर थंडीत सकाळी गाडी सुरू व्हायची नाही.

आता या गाड्यांची रचना पाहू. टाकी मागे, इंजिन पुढे. पेट्रोल ओढणारा पंप थेट इंजिनावरच बसवलेला. त्यातला लवचिक पडदा खालीवर होतो आणि टाकीतून नळीवाटे पेट्रोल ओढून कार्ब्युरेटरकडे ढकलतो. 'ओढून' हा शब्द महत्त्वाचा आहे. ओढताना नळीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो.

वर्गात हे सहज दाखवता येते. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये साधारण ६० अंशांचे थोडे पाणी घ्या. हवा पूर्ण बाहेर काढून तोंड रबरी बुचाने बंद करा आणि दट्ट्या जोराने मागे ओढा. पाणी उकळताना दिसेल. दट्ट्या सोडताच उकळणे थांबेल.

घाटात नळीत नेमके हेच होते. चढावर खालच्या गिअरमध्ये इंजिन जास्त तापते, पण वेग कमी असल्याने बॉनेटखाली वारा खेळत नाही. थेंबभर पेट्रोलची वाफ दोनशेहून अधिक पट जागा व्यापते. पंपाचा पडदा हलत राहतो. पण वाफ नुसतीच दाबली जाते आणि पुन्हा पसरते, पेट्रोल पुढे सरकतच नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. अनेक जण घाटाच्या उंचीला दोष देतात. माथ्यावर, म्हणजे सुमारे ६०० मीटरवर, हवेचा दाब जेमतेम ७ टक्के कमी असतो. त्याचा वाटा लहान; खरी करणी उष्णतेची.

चहासाठी थांबलेली गाडीही अशीच फसवी. इंजिन बंद होताच पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते आणि इंजिनाची उष्णता पंपात व नळीत शिरते. म्हणून विश्रांतीनंतर गाडी सुरू होते, शंभर-दोनशे मीटर जाते आणि आचके देऊन बंद पडते.

ओल्या फडक्यातले पाणी बाष्प होताना दर ग्रॅमला ५०० हून अधिक कॅलरी उष्णता शोषते. पंप गार होतो, वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. जाणता मेकॅनिक या फडक्याचा उपयोग निदानासाठीही करी. तापलेली कॉईलसुद्धा अशीच गाडी बंद पाडते आणि गार झाल्यावर नीट चालते. म्हणून तो कॉईलला हात न लावता फक्त पंप गार करी. गाडी लगेच सुरू झाली तर दोष पेट्रोलच्या वाटेवर. एका वेळी एकच घटक बदलण्याचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकातही क्वचित मिळेल.

नव्या गाड्यांत हा त्रास जवळजवळ संपला. पेट्रोल थेट फवारणाऱ्या इंजिनांसाठी विजेचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवून बसवतात. तो ओढत नाही, ढकलतो. नळीतला दाब वातावरणाच्या कित्येक पट राहतो आणि उत्कलनबिंदू वर चढतो. डिझेलच्या ट्रकांना मात्र ही अडचण तेव्हाही नव्हती. डिझेल उकळायला १५० अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे ते भर दुपारी फियाटच्या बाजूने धूर सोडत वर निघून जात.