फियाटच्या इंजिनाला किती दाब सोसतो?

डिलाइट असो, प्रेसिडेंट असो की पद्मिनी, आपल्याकडे ती गाडी कायम ‘फियाट’च राहिली. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद हे सोलापूरचे, जन्म १८८२चा. कंपनी १९४४ची, कारखाना कुर्ल्याचा. पद्मिनी हे नाव १९७४मध्ये आलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. आता उरल्या त्या हौशी मालकांच्या दारातल्या. अशी एखादी गाडी पंढरपुरात इंजिनकामाला उघडली, तर बोअर, पिस्टन, व्हॉल्व्ह यांबद्दल फारसं दुमत नसतं. वाद होतो तो एकाच आकड्यावर : कॉम्प्रेशन रेशो किती ठेवायचा?

इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. म्हणजे पिस्टन तळापासून माथ्यापर्यंत जाताना एका सिलिंडरमध्ये २७२ सीसी जागा व्यापतो. माथ्यावर पोचल्यावर हेडची पोकळी, गॅस्केटची जाडी आणि पिस्टनवरची फट मिळून समजा ४३ सीसी उरले, तर ३१५ भागिले ४३, म्हणजे रेशो ७.३. मूळचं इंजिन साधारण सात-सव्वासातच्या घरातलंच. हेड एक मिलिमीटर फेस केलं, की पोकळी अंदाजे साडेतीन सीसींनी घटते आणि रेशो ७.९ होतो. बोअर ६९चा केला, तर हेडला हात न लावताही तो ७.५ वर जातो. जुनं हेड आधी किती वेळा लेथवर चढलंय हे मालकालाही ठाऊक नसतं, त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यावर विसंबण्यात अर्थ नाही.

त्यापेक्षा मोजावं. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी वर दाबायची आणि ब्युरेटमधून रॉकेल सोडायचं. जितकं रॉकेल मावलं तितकी पोकळी. चारही पोकळ्या सारख्या नसतील, तर आधी त्या सारख्या करायच्या. एक सिलिंडर आठवर आणि दुसरा साडेसातवर चालत असेल, तर इंजिनाची मर्यादा आठवालाच ठरवतो.

रेशो वाढवायचा मोह का होतो? इंधनाच्या उष्णतेतून जास्त काम निघतं म्हणून. कागदावरच्या आदर्श गणितात ७.३ ला कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या जवळपास येते आणि ८.५ ला साडेसत्तावन्न. फायदा पाचेक टक्क्यांचा. तिथून पुन्हा तेवढंच वर चढलं, तर हाती चारच टक्के लागतात, आणि नॉकिंगचा धोका मात्र वाढत जातो. दाब आणि उष्णता हद्दीबाहेर गेली, की ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटतं. इंजिन ठोकायला लागतं. दुर्लक्ष केलं तर हेड गॅस्केट उडते, पिस्टनच्या रिंगा आणि त्यांच्यामधला धातू तुटतो.

पंढरपूरचा उन्हाळा चाळिशी सहज ओलांडतो. वारीच्या दिवसांत गाडी पहिल्या गिअरमध्ये रांगते, रेडिएटरला वारा मिळत नाही. रांगताना इंजिन ठोकत नाही, कारण थ्रॉटल जेमतेम उघडलेला असतो. धोका पुढे असतो. गर्दीतून सुटून तापल्या इंजिनावर पाय दाबला किंवा पुण्याहून येताना दिवेघाटाच्या चढावर गिअर खाली न घेता गाडी रेटली, की टकटक सुरू होते. रेशो निवडायचा तो अशा क्षणासाठी.

आणि पंपावरच्या पेट्रोलसाठी. पद्मिनीच्या ऐन काळातल्या पेट्रोलचा ऑक्टेन आजच्याहून कमी होता. नंतर साध्या पेट्रोलचा ९१ झाला. आता वीस टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५च्या आसपास गेल्याचं सरकार सांगतं. हे इथेनॉल मुख्यतः ऊस आणि धान्यातून येतं, आणि पंढरपूर-माळशिरस-माढा हा तर उसाचाच पट्टा. इथेनॉल बाष्प होताना पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त उष्णता शोषतं, त्यामुळे सिलिंडरमध्ये शिरणारं मिश्रणही थंड होतं. दाब वाढवू पाहणाऱ्याला हवं ते सगळं उसानं आणून दिलं.

त्याची किंमतही आहे. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला पावणेपंधरा भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेरा. जुन्याच जेटवर कार्ब्युरेटर कमी इंधन देतो, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि ऑक्टेननं कमावलेलं तिथंच गमावलं जातं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा डायाफ्राम इथेनॉलनं फुगतात, चिरतात. म्हणून जेट मोठा आणि रबर नवं, ही दोन कामं हेड लेथवर चढवण्याआधीची.

या गाडीला आठच्या आसपासचा रेशो शोभतो. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे उष्णता लवकर निघून जाते आणि तेवढा दाब सोसतो. नऊ-साडेनऊचं स्वप्न पाहणाऱ्यानं एक लक्षात घ्यावं : टायमिंग दोन अंश मागे घ्यायला पाच मिनिटं लागतात, जेट बदलायला अर्धा तास, पण हेडवरून उतरलेला धातू परत चढत नाही. आठवर थांबलेल्याला उद्या आणखी घासता येईल. साडेनऊवर गेलेल्याला दुसरं हेड शोधावं लागेल, आणि पद्मिनीचं चांगलं हेड आता भंगार बाजारातही सहज सापडत नाही.