निबंधाची वही आणि संगणक

निबंधाच्या वह्या तपासण्याचे काम आम्ही गेली वीस वर्षे करीत आहोत, आणि त्या कामातील एक गोष्ट आमच्या मनास सतत सलत आली आहे. मूल निबंध लिहिते, आम्ही तांबड्या शाईने चुका दाखवितो, समासात शेरा लिहितो, आणि वही परत जाते. मूल गुण पाहते, वही मिटते, आणि पुढचा निबंध पहिल्यासारखाच येतो. यात मुलाचा आळस असतो हे खरे. परंतु सर्व दोष त्याच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. ‘हा परिच्छेद आधी यावयास हवा होता’ असा शेरा लिहून आम्ही मोकळे होतो. पण तो परिच्छेद आधी नेण्यासाठी त्या मुलाला चार पाने पुन्हा उतरून काढावी लागतात! इतका खटाटोप कोण करणार? म्हणून पहिला खर्डा हाच अखेरचा खर्डा ठरतो. आणि आपण लिहिलेले पुन्हा वाचून सुधारावयाचे असते, ही गोष्ट पुष्कळ मुलांस शाळा सोडीपर्यंत कळतच नाही.

लेखनाच्या कामी संगणकाचे साहाय्य म्हटले म्हणजे पालकांच्या डोळ्यांपुढे चुका सुधारून देणारे यंत्र उभे राहते. आमच्या मते तो त्याचा दुय्यम गुण होय. मुख्य गुण हा की, त्यावर लिहिलेले पक्के होत नाही. वाक्य खोडले तरी पान घाण होत नाही. शेवटचा परिच्छेद आरंभी नेला तर उरलेला मजकूर आपोआप खाली सरकतो. १९७८ साली निघालेल्या वर्डस्टारसारख्या आज्ञावल्यांनी (आमचे विद्यार्थी त्यांस सॉफ्टवेअर म्हणतात) ही सोय लहान संगणकांवर आणली, आणि तेव्हापासून शिक्षक तिचा वर्गात उपयोग करून पाहत आले आहेत. रॉबर्ट बँगर्ट-ड्राउन्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली अशा ३२ प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून तपासले. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश प्रयोगांत संगणकावर लिहिणाऱ्या मुलांचे लेखन सरस ठरले होते, मात्र फरक बेताचा होता. आणि लेखनात मागे पडलेल्या मुलांस त्याचा लाभ विशेष झाला होता. आम्हांस यात आश्चर्य वाटत नाही. ज्याचे अक्षर वाईट त्याला आपले पान पुन्हा वाचण्याचीही लाज वाटते.

मराठी मुलांस हे साधन उशिरा लाभले. पूर्वी देवनागरीचा प्रत्येक फॉन्ट आपल्या मर्जीने चाले. एका संगणकावर लिहिलेला निबंध दुसऱ्यावर उघडला की पडद्यावर निरर्थक इंग्रजी अक्षरांचा बाजार भरे. युनिकोड या पद्धतीने १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीस स्थान दिले, व पुढे तिचा प्रसार झाला तसे हे संकट टळले. तीत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक असतो. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘द’चा २३४२, ‘न’चा २३४४, ऱ्हस्व वेलांटीचा २३६७ आणि दीर्घ वेलांटीचा २३६८. आणखी एक गंमत अशी की, ‘दि’ लिहिताना आपला हात पुष्कळदा वेलांटी आधी काढतो, कारण ती डावीकडे असते. परंतु यंत्राला आधी ‘द’ व मग वेलांटी हवी, म्हणजे जसा उच्चार तशी जुळणी. आमच्या आठवीच्या वर्गास हे समजावून सांगितले तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचा तास प्रथमच हसतखेळत पार पडला.

वरील दोन क्रमांकांत फरक एकाचाच आहे, हे ध्यानात ठेवावे. कारण शुद्धलेखन तपासणाऱ्या आज्ञावलीची मर्यादा त्यातच दिसते. साधी तपासनीस आज्ञावली म्हणजे एक मोठी शब्दयादी आणि तिच्या जोडीला प्रत्ययांचे नियम. मुलाने लिहिलेला शब्द यादीत सापडला नाही की त्याखाली तांबडी रेघ येते. आता ‘दिन’ म्हणजे दिवस व ‘दीन’ म्हणजे गरीब, हे दोन्ही शब्द यादीत आहेत. म्हणून एखाद्याने ‘आम्ही स्वातंत्र्य दीन साजरा केला’ असे लिहिले तर ती खुशाल पुढे जाते! ‘सुत’ व ‘सूत’, ‘पाणि’ व ‘पाणी’ यांचीही हीच कथा. उलट आपल्या भाषेत एका ‘घर’ शब्दाची घरास, घरातून, घरापासून, घरांमधील, घरासमोरच्या अशी किती रूपे होतात! ती सर्व ओळखता आली नाहीत म्हणजे शुद्ध शब्दही अपराधी ठरतो. गावाचे नाव किंवा ‘कोरड्यास’ यासारखा भाकरीबरोबरचा घरगुती शब्द दिसला की तांबडी रेघ येण्याचा संभव फार. मूल घाबरून तो शब्द काढते आणि तेथे पुस्तकी शब्द घालते. हे नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेत दिसत नाही.

तपासनीस ‘फूलास’ चूक आहे असे सांगतो, पण का ते सहसा सांगत नाही. ‘फूल’मधील दीर्घ ऊकार प्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो व ‘फुलास’ असे रूप होते, हा नियम मुलाने स्वतः शोधला पाहिजे. सुचविलेल्या शब्दावर बोट ठेवून पुढे गेल्यास ते काहीच शिकत नाही. आमच्या वर्गात प्रत्येकाकडे एक लहान वही असते. रेघ आलेला शब्द आधी त्या वहीत, नियम त्याच्या शेजारी, आणि मग पडद्यावर दुरुस्ती, असा आमचा क्रम आहे. मुले कुरकुरतात, आम्ही ऐकून घेतो.

यापुढची पायरी शैलीची. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लॉरिंडा चेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास ‘रायटर्स वर्कबेंच’ नावाचा आज्ञावल्यांचा संच तयार केला. लेखातील वाक्ये सरासरी किती शब्दांची आहेत, लांब वाक्ये किती, झिजलेले वाक्प्रचार कोणते, हे तो मोजून दाखवी. कोलोराडो स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांस लेखन शिकविताना त्याचा उपयोग झाला. मोजणे हे यंत्राचे काम, निवाडा करणे हे लेखकाचे, अशी ती विभागणी आम्हांस फार समंजस वाटते. मराठीसाठी असा संच आम्ही वापरीत नाही. परंतु शब्द शोधण्याची साधी सोय प्रत्येक लेखन-आज्ञावलीत असतेच. आम्ही एका विद्यार्थिनीस तिच्या दीड पानी निबंधात ‘खूप’ हा शब्द शोधण्यास सांगितले. तो सतरा वेळा निघाला. आम्ही एक अक्षरही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तीनच उरले होते.

मात्र मोजणाऱ्या यंत्रास परीक्षक केले म्हणजे अनर्थ होतो. एलिस पेज या पूर्वाश्रमीच्या शाळाशिक्षकाने १९६६ साली संगणकाकडून निबंधास गुण देवविण्याचा उपक्रम आरंभिला. निबंधाची लांबी, शब्दांची लांबी, स्वल्पविराम अशा बाह्य खुणांवरून माणसाने दिले असते त्याच्या जवळपासचे गुण यंत्र देऊ शके. पुढे असल्या पद्धती परीक्षांतून रूढ झाल्या. तेव्हा एम. आय. टी. येथील लेस पेरेलमन यांनी विद्यार्थ्यांच्या मदतीने २०१४ साली एक आज्ञावली रचली, जी भारदस्त शब्दांचे पण सर्वस्वी निरर्थक निबंध तयार करी. आणि गुण देणाऱ्या यंत्रांनी त्यांस उत्तम गुण दिले! निबंध किती पाने झाला एवढेच विचारणारे पालकही आमच्या परिचयाचे आहेत. तेव्हा एकट्या यंत्रास कशाला हसावे?

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांपुढे आले, आणि त्यानंतर तशी इतर यंत्रेही आली. अफाट मजकुरावर पोसलेले हे यंत्र कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधीत वाक्ये विणते. नववीतील एका मुलाने ‘माझी आजी’ या विषयावर निबंध आणला. त्यात एकही चूक नव्हती. आजीचे केस पांढरेशुभ्र, नेसणे नऊवारी, अंगणात तुळशीवृंदावन, आणि रोज सायंकाळी ती नातवंडांस रामायणातील गोष्टी सांगे. या मुलाची खरी आजी दर रविवारी उपासनेस आमच्या पुढच्या बाकावर बसते. मिशनच्या दवाखान्यात तिने तीस वर्षे चादरी धुतल्या. तिच्या अंगणात तुळस नाही, लिंबाचे झाड आहे.

“अरे, ही कोणाची आजी?” आम्ही विचारले.

“आजीच आहे, सर,” तो म्हणाला, आणि मग खाली पाहू लागला.

आम्ही त्यास शिक्षा केली नाही. शाळा सुटल्यावर त्याला शेजारी बसवून त्याच यंत्राला आम्ही असे सांगितले की, याला याच्या आजीविषयी एका वेळी एक प्रश्न विचार, पण निबंध लिहून देऊ नकोस. आजीचे हात कसे आहेत, असा पहिला प्रश्न आला. मुलगा बराच वेळ थांबला. मग त्याने लिहिले की, सोड्याने तिच्या बोटांस भेगा पडल्या आहेत व निजताना ती त्यांत व्हॅसलीन भरते. ती रागावते तेव्हा काय करते, असा दुसरा प्रश्न. त्यावर त्याने लिहिले की, ती बोलत नाही. घरातल्या सगळ्या चादरी काढते आणि दवाखान्यातल्यासारख्या पुन्हा घडी घालून ठेवते. अशा अकरा ओळी जमल्या. तो पहिला खर्डा. पुढे दोन आठवड्यांत यंत्राचे एकही वाक्य न घेता त्याने आणखी तीन खर्डे केले. तिसऱ्यात चादरींची गोष्ट आरंभी नेली. चौथ्यात ‘अशी माझी आजी मला खूप आवडते’ हे शेवटचे वाक्य त्याने आपण होऊन पुसले. आम्ही दहापैकी साडेसात गुण दिले. शुद्धलेखनात दीड गुण गेला.

अक्षर बिघडेल अशी भीती काही पालकांनी बोलून दाखविली आहे, व ती अनाठायी नाही. शालान्त परीक्षेचा पेपर लेखणीनेच लिहावयाचा असतो. म्हणून खर्डे संगणकावर आणि अखेरची प्रत हातानेच वहीत, असा आम्ही नियम ठेवला आहे. प्रश्न विचारणाऱ्या यंत्रांच्या सेवांस वयाची अट असते. तेव्हा त्यांचा उपयोग पालकांनी किंवा शिक्षकांनी जवळ बसूनच करवावा. ज्यांच्या घरी संगणक नाही त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर संगणकाच्या खोलीत यावे. आम्ही तेथे असतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हाताकडे व व्यंजने उजव्या हाताकडे असल्याने तो दोन-तीन आठवड्यांत हातात बसतो. प्रत्येक खर्डा निराळ्या नावाने जपून ठेवावा. पहिल्यास ‘खर्डा १’ असे नाव द्यावे, आणि तो कितीही वाईट वाटला तरी पुसून टाकू नये. वर्षाअखेरीस आम्ही तो मागणार आहोत.