पंप, नळी आणि घननियम : ऊर्जाबचतीचे एक उदाहरण

ऊर्जेची बचत म्हटली की सामान्यतः दिवे मालविण्याची, किंवा फार तर जुना दिवा काढून नवा बसविण्याची कल्पना मनात येते. दिव्याचे उदाहरण सुबोध आहे खरे. परंतु जगातील विजेचा मोठा वाटा फिरणाऱ्या यंत्रांत खर्च होतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्युत मोटारींवर चालणाऱ्या यंत्रणांचा वाटा एकूण वीजवापराच्या सुमारे ४५ टक्के ठरविण्यात आला होता. या मोटारींपैकी पुष्कळशा पाणी किंवा हवा ढकलण्याच्या कामी लागलेल्या असतात. म्हणून प्रस्तुत लेखात केंद्रोत्सारी पंप हे एकच यंत्र घेऊन त्यात बचत कोठे होते, कोठे होत नाही, आणि झालेली बचत कोठे नाहीशी होते, हे पाहावयाचे आहे.

पंपाने पाण्यास दिलेला दाब उंचीच्या मापाने सांगण्याची पद्धत आहे. या उंचीस 'शीर्ष' म्हणतात. कारखान्यांत व शेतांवर मात्र 'हेड' हाच शब्द रूढ आहे. पंपाची गती बदलली असता त्यातून वाहणारा प्रवाह गतीच्या सम प्रमाणात, शीर्ष गतीच्या वर्गाच्या प्रमाणात, आणि लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. पाण्याला पात्यांच्या टोकाशी मिळणारा वेग गतीच्या प्रमाणात असतो. वेगातून येणारे शीर्ष वर्गाने वाढते. आणि शक्ती म्हणजे प्रवाह व शीर्ष यांचा गुणाकार असल्यामुळे तिसरा घात आपोआप येतो. गती ८० टक्क्यांवर आणली तर शक्ती ०.८ च्या घनाइतकी, म्हणजे सुमारे ५१ टक्के उरते. पाचव्या हिश्शाने काम कमी केले आणि निम्मी वीज वाचली, असा हा आकर्षक हिशेब आहे. ऊर्जाबचतीच्या प्रचारपत्रकांत तो नेहमी आढळतो. मात्र तो कोणत्या परिस्थितीत खरा, ही अट त्या पत्रकांत बहुधा छापलेली नसते.

अट समजण्यासाठी एक पंप कल्पू या. नळी पूर्ण बंद असता त्याचे शीर्ष ३२ मीटर आहे. प्रवाह वाढत जाईल तसे ते प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटून पूर्ण प्रवाहास २५ मीटर होते. पूर्ण प्रवाह १ मानला, तर शीर्ष म्हणजे ३२ वजा ७ गुणिले प्रवाहाचा वर्ग. पंपाची स्वतःची कार्यक्षमता सोयीसाठी कायम धरली आहे.

हा पंप प्रथम एखाद्या कारखान्यातील थंड पाण्याच्या बंद चक्रात बसवू. तेथे पाणी जेथून निघते तेथेच परत येते. चढाव असा नाहीच. २५ मीटरचे सर्व शीर्ष नळ्यांतील घर्षणात जाते. आता समजा, ८० टक्केच प्रवाह हवा आहे. घर्षण प्रवाहाच्या वर्गाने बदलते, म्हणून खरी गरज १६ मीटरची उरते. जुन्या रीतीप्रमाणे झडप अर्धवट मिटली तर पंपाचे शीर्ष वाढून २७.५ मीटर होते. पैकी ११.५ मीटर शीर्ष झडपेतच नष्ट होते, आणि शक्ती पूर्वीच्या ८८ टक्के लागते. झडप न मिटता गती कमी केली तर तेवढ्याच प्रवाहास ५१ टक्के शक्ती पुरते. पायाने गतिवर्धक दाबून धरावयाचा आणि वेग मात्र ब्रेकने आवरावयाचा, अशा रीतीने मोटारगाडी हाकणाऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाही. परंतु झडपेने प्रवाह आवरणारे कारखाने शतकभर नेमके हेच करीत आले.

त्यांस दोष देणे मात्र योग्य नाही. १८८८ मध्ये फेरारिस व टेस्ला यांनी पुढे मांडलेली प्रवर्तन मोटार स्वस्त, दणकट आणि देखभालीस सोपी होती, पण तिची गती विजेच्या वारंवारतेस बांधलेली होती. आपल्या ५० आवर्तनांच्या पुरवठ्यावर चार ध्रुवांची मोटार मिनिटास १५०० फेऱ्यांच्या किंचित खालीच फिरणार. वारंवारता बदलावयाची तर फिरती यंत्रे लागत, आणि ती पंपाहून महाग पडत. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत थायरिस्टर तयार झाला, पुढे १९८०च्या दशकात अधिक सोयीचे अर्धवाहक स्विच आले, आणि मगच वारंवारता बदलणारे चालकयंत्र सामान्य कारखान्याच्या आटोक्यात आले. आज ते स्वतःकरिता ३ ते ४ टक्के ऊर्जा घेते. वरील उदाहरणातील बचतीपुढे ही दलाली क्षुल्लक होय.

छताच्या पंख्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तारेच्या वेटोळ्यांचा जुना रेग्युलेटर हात लावला की गरम लागे. पंखा मंद केल्याने वाचणाऱ्या विजेचा एक भाग त्या पेटीतच उष्णता होऊन जाई. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरने ती गळती थांबली, तरी पंख्याची मोटार तशीच राहिली. सामान्य पंखा ७० ते ८० वॉट घेतो, आणि त्यातील मोठा भाग मोटारीच्या तारा व लोखंड तापविण्यात जातो. घूर्णकात स्थायी चुंबक बसविलेला नवा पंखा जवळजवळ तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये देतो, कारण घूर्णकात विद्युतप्रवाह प्रवर्तित करण्याचा खर्चच त्यात उरत नाही. भारतात १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची कार्यक्षमता-पट्टी अनिवार्य झाली आहे.

आता तोच पंप कारखान्यातून उचलून दख्खनच्या एखाद्या विहिरीवर आणू. पाणी २० मीटर वर चढवावयाचे आहे, आणि पूर्ण प्रवाहास नळीतील घर्षण ५ मीटर आहे. बेरीज पूर्वीचीच, २५ मीटर. येथे गती ८० टक्के केली तर काय होईल? बंद नळीचे शीर्ष ३२ मीटरवरून २०.५ मीटरवर येते. त्यातील २० मीटर चढावातच गेले. घर्षणासाठी अर्धा मीटरही उरला नाही. हिशेब केल्यास प्रवाह ८० टक्के न राहता अवघा २० टक्के भरतो. गती ७९ टक्के झाली की पाणी वर येणेच थांबते, आणि पंप आतले पाणी घुसळीत बसतो. आठ दशांश प्रवाह हवा असेल तर गती ९३ टक्क्यांखाली नेता येत नाही, आणि लिटरमागे बचत होते ती फक्त ७ टक्के. त्यातून चालकयंत्राची दलाली वजा केली म्हणजे हाती फारसे काही उरत नाही. घननियम येथेही खोटा ठरलेला नाही; परंतु तो पंपाचा नियम आहे, आणि विहिरीची खोली त्यास बांधलेली नाही. एकच उपकरण एका ठिकाणी निम्मी वीज वाचविते आणि दुसऱ्या ठिकाणी किंमतही भरून देत नाही, याचे कारण उपकरणाच्या बाहेर आहे.

मग विहिरीवर बचत कशात आहे? ती नळीत आहे. प्रवाह कायम असता घर्षणाने होणारा शीर्षाचा व्यय नळीच्या व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. ८० मिलिमीटरची नळी काढून १०० मिलिमीटरची घातली तर व्यास सव्वापट होतो, आणि घर्षण तिसऱ्या हिश्शावर येते : ५ मीटरच्या जागी १.६ मीटर. तळाची झडप (खेड्यापाड्यांत जिला 'फुटबॉल' हे मजेदार नाव मिळाले आहे) अरुंद किंवा गाळाने तुंबलेली असेल, नळीस काटकोनी वळणे अधिक असतील, तर त्या दुरुस्त केल्यानेही असाच लाभ होतो.

नळीवरील बचतीस एक विशेष मोल आहे. औष्णिक वीजकेंद्रात कोळशातील ऊर्जेपैकी ३५ टक्के विजेत उतरते असे धरा. वहन व वितरणानंतर तिचे ८५ टक्के, मोटारीनंतर पुन्हा ८५ टक्के, पंपानंतर ६५ टक्के उरते. हे सर्व गुणाकार केले की कोळशाच्या १०० भागांपैकी सुमारे १६ भागच पाण्यास मिळतात. म्हणजे नळीत वाचविलेला एक भाग खाणीच्या तोंडाशी सहा भाग होतो. साखळीच्या शेवटच्या कडीपासून मागे येत जावे, हा विचार अभियंत्यांस ठाऊक नव्हता असे नाही. पण संकल्पचित्रे काढताना तो फारसा पाळला गेला नाही. इंटरफेस या गालिचे विणणाऱ्या कंपनीच्या शांघाय येथील कारखान्यात १९९७ मध्ये एका प्रक्रियेसाठी एकूण ९५ अश्वशक्तीच्या पंपांचा आराखडा तयार झाला होता. यान शिल्हाम या डच अभियंत्याने त्यात दोनच फेरफार केले. बारीक नळ्यांऐवजी जाड नळ्या घेतल्या, आणि आधी यंत्रे मांडून मग त्यांस नळ्या जोडण्याऐवजी आधी सरळ व आखूड नळ्या आखून त्यांच्या टोकांशी यंत्रे ठेविली. पंपांची गरज ९५ वरून ७ अश्वशक्तीवर आली. नळ्या महागल्या, पण पंप व मोटारी लहान झाल्याने भांडवली खर्चही एकंदरीत घटला. यात एकही नवा शोध नव्हता.

येथपर्यंतचा हिशेब समाधानकारक वाटतो. परंतु आपल्या विहिरीवरील जाड नळीचे पुढे काय होते ते पाहिले पाहिजे. घर्षण कमी झाले आणि पंप मात्र जुनाच राहिला, तर प्रवाह १ वर थांबत नाही. समीकरण सोडविल्यास तो १.१८ होतो व शीर्ष २२.३ मीटरवर उतरते. लिटरमागे लागणारी वीज ११ टक्क्यांनी घटली. तथापि शक्ती म्हणजे प्रवाह व शीर्ष यांचा गुणाकार. तो पूर्वी २५ होता, आता २६.३ झाला. पंप तितकेच तास चालला तर वीजवापर ५ टक्क्यांनी वाढतो, आणि पाणी १८ टक्क्यांनी अधिक येते. जाड नळीबरोबर लहान पंप घेतला किंवा तास कमी केले, तरच कार्यक्षमतेचे रूपांतर बचतीत होईल.

तास कमी होतील काय, हा प्रश्न आता भौतिकीचा राहत नाही. शेतीस वीज ठरावीक तासच मिळते, आणि पुष्कळ पंपांवर 'ऑटो स्विच' लावलेला असतो. वीज आली की पंप आपोआप सुरू होतो, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. अनेक पंपांचे बिल मोजलेल्या युनिटांवर नसून अश्वशक्तीवर आकारले जात आले, आणि महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांस मोफत विजेची पाच वर्षांची योजना जाहीर केली. अशा स्थितीत वाचलेले युनिट शेतकऱ्याच्या पदरी काहीच टाकीत नाही. वाढलेले पाणी मात्र ऊस किंवा कांद्याच्या रूपाने पैसा देते. त्याची निवड त्याच्या बाजूने सर्वस्वी तर्कशुद्ध आहे. सौर पंपाने हे बदलत नाही, कारण उन्हाच्या पुढच्या तासाची किंमत तेथेही शून्यच असते. जेव्हन्स याने १८६५ मध्ये कोळशावरील आपल्या ग्रंथात वाफेच्या यंत्राविषयी हेच निरीक्षण नोंदविले होते : यंत्र काटकसरी झाले म्हणजे कोळसा कमी जळतो असे नव्हे, यंत्रांची संख्या वाढते. मात्र वाफेच्या यंत्राने खाणीतील कोळशाचा थर त्याच उन्हाळ्यात खाली नेला नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी साठते ते भेगांत व कुजलेल्या थरांत. साठा थोडा, आणि उपशाने पातळी लवकर खाली जाते. आपल्या उदाहरणात ती ३ मीटरने उतरली असे धरा. चढाव २३ मीटर झाला. जाड नळी कायम असतानाही प्रवाह १.०२ वर येतो, शीर्ष २४.७ मीटर होते, आणि गुणाकार पुन्हा सुमारे २५. नळीचा सर्व लाभ विहिरीने परत घेतला. फरक इतकाच की पाणी ३ मीटर खोल गेले, आणि बारीक नळीच्या शेजाऱ्याच्या पंपास तेथून पाणी चढविणे अधिक जड झाले.

यावरून लिटरमागची वीज आणि विहिरीमागची वर्षभराची वीज या दोन भिन्न राशी आहेत हे दिसेल. कार्यक्षमतेच्या पट्ट्या पहिलीच मोजतात, आणि प्रयोगशाळेत दुसरी मोजताही येत नाही. तिच्यासाठी विहिरीवर जाऊन पाण्याची पातळी, प्रवाह, पंपाच्या मुखाशी असलेला दाब आणि मोटारीने घेतलेली शक्ती अशी चार मापे, पंप सुरू होताना व बंद करताना, कार्तिकात एकदा आणि वैशाखात एकदा घ्यावी लागतील. नळी बदलण्याच्या आधीचे एक वर्ष आणि नंतरची निदान दोन वर्षे अशी नोंद ठेविली तर एका विहिरीपुरते तरी उत्तर मिळेल; आणि शेजारच्या, नळी न बदललेल्या विहिरीची पातळीही त्याच दिवशी मोजून ठेवावी.