तौबा आणि बहिणीचा वाटा

शब-ए-बरात जवळ आली किंवा घरातले कोणी हजला निघाले, की आपल्याकडे 'कहा-सुना माफ करना' हे शब्द कानी पडू लागतात. हजला जाणारे घरोघरी जाऊन निरोप घेतात. बाकीचे लोक मोबाइलवरून एकच संदेश शंभर जणांना पाठवतात. ही रीत चांगलीच आहे. परंतु क्षमा मागताना आपण बहुधा 'काही चुकले असेल तर' असे म्हणतो. काय चुकले आणि कोणाचा हक्क बुडवला, हे मात्र सांगत नाही. ज्याच्यावर खरा अन्याय केला, त्याचे दार तर पुष्कळदा टाळूनच जातो.

कुरआनमधील सूरह आराफमध्ये दोन अवज्ञांची हकीकत आली आहे. इब्लिसने आज्ञा मोडली आणि ह. आदम (अलै.) यांच्याकडूनही चूक झाली. इब्लिस आपल्या श्रेष्ठत्वाला चिकटून राहिला आणि आपल्या मार्गभ्रष्टतेचा दोष त्याने अल्लाहवरच ठेवला. ह. आदम व त्यांच्या पत्नीने कोणतीही सबब न सांगता अपराध स्वतःकडे घेतला. इब्लिस धुडकावला गेला आणि ह. आदम यांची तौबा कबूल झाली. नम्रतेवाचून तौबा नाही, हे यावरून कळते.

इमाम नववी (निधन हिजरी 676) यांनी 'रियाजुस्सालिहीन' या ग्रंथात तौबाच्या अटी दिल्या आहेत. गुन्हा सोडणे, त्याबद्दल मनापासून खेद वाटणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे, या तीन. गुन्हा एखाद्या माणसाच्या हक्काशी संबंधित असेल, तर चौथी अट लागू होते. ती म्हणजे त्याचा हक्क त्याला परत करणे. पहिल्या तीन अटी मुसल्ल्यावर बसून पुऱ्या करता येतात. चौथीसाठी उठून दुसऱ्याच्या दारी जावे लागते, आणि तेथेच पाय अडखळतात.

वऱ्हाडात ही चौथी अट सर्वांत जास्त अडते ती वावराच्या वाटणीत. वडील वारले की सातबारावर वारसांची नोंद करायची असते. मग अनेक घरांत बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतात. 'आपाने खुशीने सोडले' असे सांगितले जाते. पण सही केली नाही तर माहेर तुटेल, ईदला भाऊ न्यायला येणार नाही, या धास्तीने ती सही करत असेल, तर तिला खुशी कशी म्हणावी?

सूरह निसाच्या अकराव्या आयतीत मुलीचा हिस्सा अल्लाहने स्वतः ठरवून दिला आहे. समजा, कर्ज व वसीयत भागवून बारा एकर वावर उरले. मागे फक्त दोन मुलगे व दोन मुली आहेत. मृताची पत्नी, आई किंवा वडील हयात नाहीत. अशा वेळी प्रत्येक मुलाला चार आणि प्रत्येक मुलीला दोन एकर येतात. हे दोन एकर भावाने केलेला उपकार नव्हेत. लग्नात झालेला खर्च किंवा ईदची साडीचोळी यांनी ते फिटत नाहीत. म्हणून अनेक उलमा सांगतात की, आधी वाटा बहिणीच्या नावे व ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने राजीखुशीने काही परत दिले, तरच ती तिची देणगी.

सहीह मुस्लिममधील एका हदीसमध्ये प्रेषित मुहम्मद (स.) यांनी खरा दिवाळखोर कोण, हे समजावले आहे. तो कयामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची पुण्ये एकेक करून त्या लोकांना दिली जातील. ती संपली की त्यांचे गुन्हे त्याच्या माथी येतील. पहिल्या सफमध्ये उभ्या राहणाऱ्या भावानेही हे ध्यानात ठेवावे.

कबुलीला हिंमत लागते. हिजरी 9 मध्ये ह. काब बिन मालिक (रजि.) तबूकच्या मोहिमेत गेले नाहीत. इतर अनेकांनी सबबी सांगून सुटका करून घेतली. ह. काब यांनी मात्र आपल्याजवळ कोणतीही सबब नाही, हे खरे सांगितले. त्यांना पन्नास दिवस बहिष्कार सोसावा लागला. पण अखेर त्यांची तौबा कबूल झाल्याची वार्ता सूरह तौबामध्ये उतरली.

अकोला जिल्ह्यातील बाळापूर हे नक्शबंदी सूफींचे जुने ठाणे. या सिलसिल्यात मुहासब्यावर, म्हणजे स्वतःचा हिशेब स्वतः घेण्यावर भर असतो. कापूस विकल्यावर आपण हमाली-तोलाईचा हिशेब पै-पैपर्यंत तपासतो. त्याच काळजीने एकदा घरचा सातबारा काढून पाहावा. त्यात कोणाचे नाव असायला हवे होते आणि नाही, हे कोणी सांगण्याची गरज पडणार नाही.

मग 'काही चुकले असेल तर' हे शब्द बाजूला ठेवून बहिणीच्या घरी जावे आणि म्हणावे, "आपा, तुझे दोन एकर माझ्याकडे आहेत. ते द्यायला आलो आहे." बहीण हयात नसेल तर तिच्या वारसांकडे जावे. अल्लाह आपणा सर्वांना हक्क फेडण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.