सागरी कचरा : संज्ञा, शासकीय उपाय आणि प्रवरेकाठचे बेलापूर

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी बेलापूर हे गाव आहे. कोकणचा किनारा तेथून सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटरांवर असला, तरी मध्ये सह्याद्री उभा असल्यामुळे गावचे पाणी अरबी समुद्रास मिळत नाही. प्रवरा पूर्वेस वाहत जाऊन प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते आणि गोदावरी तेलंगण व आंध्र प्रदेश ओलांडून बंगालच्या उपसागरात जाते. हा पल्ला हजार किलोमीटरांहून अधिक आहे. अशा गावाचा सागरी कचऱ्याशी काय संबंध, अशी शंका साहजिकच येते. तिचा विचार करण्यापूर्वी ‘सागरी कचरा’ या संज्ञेने नेमके काय अभिप्रेत आहे, हे पाहणे अवश्य आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने रूढ केलेल्या व्याख्येचा आशय असा की, माणसाने तयार केलेला अथवा प्रक्रिया केलेला जो टिकाऊ घन पदार्थ सागरी वा किनारी परिसरात फेकला, विल्हेवाट म्हणून टाकला किंवा बेवारस सोडला जातो, तो सागरी कचरा होय. या व्याख्येचे तीन घटक आहेत : वस्तू, कृती आणि स्थान. यांपैकी स्थान हा घटक विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. येथे स्थान म्हणजे वस्तू जेथे आढळते ते. ती जेथून निघाली ते नव्हे. एखादी प्लास्टिकची पिशवी प्रवरेच्या काठावर असेतो घनकचऱ्यात मोडते. ती पात्रात पडली म्हणजे नदीप्रदूषणाचा विषय होते. आणि गोदावरीच्या मुखाशी पोहोचली तर तीच सागरी कचरा ठरते. वस्तू तीच राहते, परंतु नाव बदलते आणि नावाबरोबर तिची दखल घेणारे खाते व तिला लागू होणारा नियमही बदलतो.

शासनांनी प्रथम हात घातला तो जहाजांवरील कचऱ्यास. १९७२ च्या लंडन कराराने, टिकून राहणारे प्लास्टिक हेतुपुरस्सर समुद्रात नेऊन टाकण्यास मनाई केली. पुढे ‘मार्पोल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कराराचे पाचवे परिशिष्ट ३१ डिसेंबर १९८८ रोजी अमलात आले आणि जहाजांवरून कोणत्याही प्रकारचे प्लास्टिक समुद्रात टाकणे निषिद्ध झाले. जहाजाला नोंदणी असते, मालक असतो आणि ते बंदरात तपासता येते. त्यामुळे जहाजांपुरते तरी उगमस्थान आणि आढळस्थान यांतील अंतर कायद्याला बुजवता आले. जमिनीवरून येणाऱ्या कचऱ्याची गोष्ट तशी नाही. किनाऱ्यावर सापडलेल्या पिशवीवर गावाचे नाव नसते.

जमिनीवरून समुद्रात किती प्लास्टिक जाते, याचा जागतिक अंदाज २०१५ साली प्रसिद्ध झाला. २०१० या वर्षासाठी तो ४८ लक्ष ते १ कोटी २७ लक्ष टन असा होता. या गणनेत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरांच्या आत राहणारी लोकसंख्याच धरली होती. म्हणजे बेलापूर त्या हिशेबाच्या बाहेरच राहिले. त्यानंतरच्या अभ्यासकांनी नद्यांकडे लक्ष वळविले. २०२१ च्या एका अभ्यासात नद्यांवाटे समुद्रास मिळणारे प्लास्टिक वर्षाला ८ लक्ष ते २७ लक्ष टन मानले असून, त्यातील ८० टक्के भाग हजाराहून अधिक नद्यांतून येतो, असे दाखविले आहे. किनाऱ्यालगतच्या शहरांतून वाहणाऱ्या लहान नद्यांचा वाटा त्यात मोठा आहे. वस्तू समुद्रापासून जितकी दूर, तितकी ती तेथवर पोहोचण्याची शक्यता कमी, हाही त्याचा एक निष्कर्ष होय.

भारतात किनारी कचऱ्याचे सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांत, केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या अधीन असलेले चेन्नई येथील राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्र प्रमुख आहे. किनाऱ्याचा ठरावीक पट्टा आखून त्यातील वस्तू प्रकारवार मोजणे व तोलणे, आणि त्याच पट्ट्यावर पुनःपुन्हा जाऊन फरक नोंदविणे, अशी या सर्वेक्षणांची सर्वसाधारण पद्धत असते. २०२२ मध्ये ५ जुलै ते १७ सप्टेंबर अशी ७५ दिवसांची किनारा-स्वच्छता मोहीमही केंद्र शासनाने चालविली. मोजणी आणि सफाई ही दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु दोन्हींचा आरंभ वस्तू किनाऱ्यास लागल्यानंतर होतो.

उगमाकडे नेणारी वाट प्लास्टिकविषयक नियमांची आहे. १९९९ च्या केंद्रीय नियमांनी पिशवीची किमान जाडी २० मायक्रॉन ठरविली. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील महापुरात तुंबलेल्या नाल्यांचा अनुभव आल्यावर महाराष्ट्राने २००६ मध्ये ती ५० मायक्रॉनांवर नेली. केंद्राच्या २०२१ च्या दुरुस्तीने ती प्रथम ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉन झाली. जाडीवर हा भर का, याचे उत्तर भंगाराच्या व्यवहारात आहे. पातळ पिशवी वजनाला भरत नाही. म्हणून कचरावेचक ती उचलीत नाहीत. ती वाऱ्याने उडते आणि पाण्याहून हलकी असल्याने तरंगत जाते. जाड पिशवीला काही किंमत येते व ती पुन्हा वापरली जाण्याचा संभव वाढतो. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने यापुढे जाऊन प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर, जाडी कितीही असो, बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून टाकावयाच्या अनेक वस्तू देशभर निषिद्ध झाल्या.

बेलापूरच्या दृष्टीने मात्र २०१६ चे केंद्रीय नियम सर्वांत महत्त्वाचे होत. तोपर्यंत या नियमांची कक्षा नगरपालिका क्षेत्रापुरती होती. २०१६ मध्ये ती ग्रामीण भागापर्यंत वाढली. प्लास्टिक वेगळे करणे, गोळा करणे, साठविणे, पुनर्वापर करणाऱ्यांकडे पोहोचविणे आणि ते उघड्यावर जाळले जाऊ न देणे, ही ग्रामपंचायतीची जबाबदारी ठरली. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण विभागाच्या, २०२० मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात दर विकासगटास एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र असावे, अशी योजनाही आहे.

ही जबाबदारी किती नवी आहे, याची कल्पना गावच्या शब्दांवरून येते. ‘केर’ म्हणजे घर झाडून निघालेले ते. ‘उकिरडा’ म्हणजे ते जेथे साठून कुजते ती जागा. उकिरड्यावरचे खत शेतात जाई आणि तेथे त्या वस्तूचा शेवट होई. निर्माल्य नदीत सोडले की त्याचे ‘विसर्जन’ झाले. तेही कुजून जाई. या शब्दांत टाकलेली वस्तू कालांतराने नाहीशी होते, हे गृहीत धरलेले आहे. निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत भरून सोडले, तर विसर्जन निर्माल्याचे होते. पिशवीचे होत नाही.

ती पिशवी कोठे जाते? प्रवरासंगम हे स्थान नाथसागराच्या फुगवट्यात येते. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडी धरणाचा हा जलाशय. त्याच्या खाली गोदावरीवर आणखी धरणे व बंधारे आहेत. तेव्हा बेलापूरहून निघालेली प्रत्येक वस्तू उपसागरास मिळते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पुष्कळसा माल काठच्या झुडपांत अडकत असेल, गाळात बसत असेल किंवा झिजून त्याचे सूक्ष्म कण होत असतील. परंतु समुद्रास न मिळालेले प्लास्टिक नाहीसे झाले, असा याचा अर्थ नव्हे. ते नदीत व जलाशयात राहते. आणि छत्रपती संभाजीनगरास पिण्याचे पाणी याच जलाशयातून जाते.

संज्ञेची मर्यादा येथे उघड होते. आढळस्थानावरून नाव देण्यामुळे किनाऱ्यापर्यंत न पोहोचलेला कचरा सागरी कचऱ्याच्या हिशेबातून सुटतो आणि वरच्या अंगाच्या गावाने तो रोखला, तरी त्या कामाची नोंद या हिशेबात होत नाही. प्लास्टिक प्रदूषणावर बंधनकारक जागतिक करार करण्याचा ठराव २ मार्च २०२२ रोजी नैरोबी येथे झाला. त्यासाठी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनीव्हा येथे भरलेली बैठक मात्र एकमताविना संपली. ग्रामपंचायतीचे कर्तव्य त्यावर अवलंबून नाही. ते २०१६ पासूनच नियमात आहे. उणीव आहे ती मोजणीची. किनाऱ्यावर जसा पट्टा आखतात, तसा तो प्रवरेच्या काठी गावाच्या वरच्या व खालच्या अंगास आखून पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर मोजणी करणे फार खर्चाचे नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या एखाद्या गटालाही ते साधण्याजोगे आहे.

नदीचे मूळ शोधू नये, असे आपली म्हण सांगते. सागरी कचऱ्याच्या बाबतीत तो सल्ला मानून चालणार नाही. त्याचे मूळ शोधू लागले म्हणजे वाट किनाऱ्यापाशी न थांबता बेलापूरसारख्या गावाच्या घंटागाडीपर्यंत येते, आणि नियमानुसार जबाबदारीचा आरंभही तेथेच आहे.