मुलांचा ताबा: पाच गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात मुलाच्या ताब्यासाठी येणाऱ्या पुणेकर आईवडिलांच्या मनात बहुतेक वेळा एकच हिशेब असतो: संसार कोणी मोडला? न्यायाधीश मात्र मूल कुठे नीट वाढेल, हे पाहतात. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, दोन्हींचा भर मुलाच्या हितावर आहे. हे लक्षात न घेतल्याने शिकलेसवरलेले पालकही आपलाच दावा कमकुवत करून बसतात.

गैरसमज १: जोडीदाराची चूक सिद्ध झाली की मूल आपलं.
वस्तुस्थिती: घटस्फोट आणि ताबा यांच्या कसोट्या वेगळ्या आहेत. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण ठरू शकतं, ताबा नाकारण्याचं नाही, असं सांगत मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये नऊ वर्षांच्या मुलीचा ताबा आईकडेच ठेवला. व्हॉट्सॲपच्या स्क्रीनशॉटचा गठ्ठा जमवण्यापेक्षा साध्या प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा. शाळेत कोण सोडतं? लसीकरणाचं कार्ड कुठे आहे? वर्गशिक्षिकेचं नाव काय? ताप आला की रजा कोण टाकतं?

गैरसमज २: पाच वर्षांपर्यंत मूल आईचं, नंतर वडिलांचं.
वस्तुस्थिती: १९५६ च्या कायद्याचं कलम ६ सांगतं की पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा 'सर्वसाधारणपणे' आईकडे असावा. गोव्यातल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलं, की आई अयोग्य आहे असं म्हणणाऱ्या वडिलांनीच ते सिद्ध करायचं. तरीही हा नियम अपवादाविना नाही. आणि पाचवा वाढदिवस झाला म्हणून मूल आपोआप वडिलांकडे जात नाही.

गैरसमज ३: मुलाने 'बाबा नकोत' किंवा 'आई नको' म्हटलं की झालं.
वस्तुस्थिती: समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेऊ शकतं, पण कायद्यात त्यासाठी ठरावीक वय नाही आणि ती इच्छा बंधनकारकही नाही. पढवलेलं मूल ओळखू येतं. दुसरी-तिसरीतलं पोर समुपदेशकासमोर 'बाबांनी आमची आर्थिक जबाबदारी टाळली' असं बोलू लागलं, की ते वाक्य कोणाचं, हे वेगळं सांगावं लागत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेली आठ वर्षांची मुलगी पावणेदोन वर्षांची असल्यापासून वडिलांकडे होती. तिने वडिलांनाच पसंती दिली. पण आईचा सहवासच मिळालेला नसल्याने त्या पसंतीवर विसंबता येणार नाही, असं म्हणत न्यायालयाने तिला आईकडे सोपवलं.

गैरसमज ४: पोटगी थकवली, आता भेट बंद. किंवा उलट: भेटू देत नाहीत, मग पैसे कशाला?
वस्तुस्थिती: दोन्ही आदेश स्वतंत्र आहेत. थकलेल्या पोटगीसाठी वसुलीचा अर्ज करता येतो, अडवलेल्या भेटीसाठी अंमलबजावणीचा. भेट हा मुलाचाही हक्क आहे. अगदी टोकाची परिस्थिती नसेल तर मुलाचा आई किंवा वडिलांशी संपर्क तोडू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवरच्या भेटीवरही भर दिला. ऐन भेटीच्या रविवारी दर वेळी मुलाला ताप येऊ लागला, तर न्यायालयालाही शंका येते. मात्र मुलाला मारहाणीचा किंवा अत्याचाराचा धोका असेल तर गप्प बसू नका. लगेच अर्ज करून देखरेखीखाली भेट मागा किंवा भेट स्थगित करण्याची विनंती करा.

गैरसमज ५: मूल घेऊन गावी गेलं की दावा तिथेच चालेल.
वस्तुस्थिती: पालक व पाल्य कायद्याच्या कलम ९ नुसार मूल 'सामान्यतः' जिथे राहतं, तिथल्या न्यायालयाला अधिकार असतो. कोथरूडच्या शाळेतून नाव काढून रातोरात नागपूर गाठलं म्हणून तो आपोआप बदलत नाही. उलट मधल्या काळात मुलाची शाळा बुडते आणि मित्र तुटतात, ते वेगळंच.

ताब्याचा आदेश काळ्या दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली तर तोही बदलून मागता येतो. म्हणून पहिल्या तारखेलाच सगळं जिंकायच्या ईर्ष्येने उतरू नका. न्यायालयातल्या समुपदेशकाशी मोकळेपणाने बोला. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि जोडीदाराबद्दलचा राग मुलासमोर काढू नका. खटला तुमचा आहे, मुलाचा नाही.