‘अंगाला हातही लावला नाही, मग गुन्हा कसला?’

गेली कित्येक वर्षे एक वाक्य माझ्या कानांवर इतक्या वेळा, इतक्या निरनिराळ्या मुखांतून आणि इतक्या ठाम स्वरात पडत आले आहे की, त्याचा समाचार घेतल्यावाचून आता स्वस्थ बसवत नाही. पालकांच्या सभेत, नातेवाइकांच्या बैठकीत, सुशिक्षितांच्या गप्पांत ते हमखास निघते: ‘सगळा प्रकार मोबाईलवरच झाला ना? त्याने मुलीच्या अंगाला हातही लावला नाही, मग गुन्हा कसला?’ आणि लगोलग पुस्ती जोडली जाते की, अशा नराधमांसाठी आपल्याकडे कायदाच नाही, तो सरकारने आधी करावा. कायदा अधिक बळकट व्हावा ही इच्छा रास्तच आहे. परंतु ज्या गृहीतावर ती उभी आहे ते साफ चुकीचे असून, त्यापायी अनेक फिर्यादी ठाण्याची पायरी चढण्यापूर्वीच विरून जातात.

या समजाला खतपाणी कोठून मिळाले, हेही पाहिले पाहिजे. १९ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका १२ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात, त्वचेला त्वचेचा प्रत्यक्ष स्पर्श झाल्यावाचून लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याखालील लैंगिक हमला सिद्ध होत नाही, असा निर्णय दिला आणि त्याचा देशभर गाजावाजा झाला. त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवून, निर्णायक असतो तो कृत्यामागील लैंगिक हेतू, असे निःसंदिग्धपणे सांगितले. तरी लोकांच्या स्मरणात राहिला तो पहिलाच निर्णय. शिवाय तो सारा वाद कलम ७ पुरता, म्हणजे ज्या अपराधात शारीरिक संपर्क हा घटकच आहे त्यापुरता होता. ज्या अपराधाला स्पर्श लागतच नाही, त्याची तजवीज १४ नोव्हेंबर २०१२ पासून अमलात असलेल्या याच कायद्याच्या कलम ११ मध्ये स्वतंत्रपणे केलेली आहे.

हे कलम एकदा तरी शांतपणे वाचावे. लैंगिक हेतूने एखाद्या बालकाशी प्रत्यक्ष अथवा इलेक्ट्रॉनिक, डिजिटल वा अन्य साधनांनी वारंवार संपर्क साधणे, त्याची खरी वा बनावट चित्रे प्रसारित करण्याची धमकी देणे, अश्लील प्रयोजनासाठी त्याला भुलवणे, ही सर्व कृत्ये तेथे नमूद असून, कलम १२ अन्वये त्यांस ३ वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाचे कलम ६७ ब तर त्याहून जुने, ऑक्टोबर २००९ पासूनचे. लैंगिक कृत्यासाठी मुलांना ऑनलाइन संबंधांत ओढणे हाच त्याने अपराध ठरवला आणि पहिल्याच दोषसिद्धीला ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला.

‘पण छायाचित्र तर मुलीने स्वतःहून पाठवले!’ हा याच समजाचा अधिक क्रूर अवतार. खेळाच्या ॲपवर ओळख काढावी, समवयस्क असल्याची बतावणी करावी, आईबापांपेक्षा आपणच तिला समजून घेतो असे भासवावे, संभाषण खासगी खिडकीत न्यावे, ‘हे आपल्या दोघांतच’ असे वचन घ्यावे आणि पहिले छायाचित्र हाती येताच त्याच छायाचित्राचा धाक घालून दुसरे मागावे, अशा आठवड्यांच्या, प्रसंगी महिन्यांच्या पद्धतशीर कारस्थानाच्या अखेरीस जे पाठवले गेले, त्याला ‘स्वतःहून’ म्हणणे म्हणजे शिकाऱ्याचा दोष सावजाच्या पदरात टाकणे होय. १८ वर्षांखालील व्यक्तीची अनुमती हा कायद्यापुढे बचावच नाही. तिच्याकडून अशी छायाचित्रे काढवून घेणे म्हणजे अश्लील प्रयोजनासाठी बालकाचा वापर करणे, आणि पोक्सोच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यास किमान ५ वर्षांची कैद आहे.

उरलेल्या समजांना थोडक्यात उत्तर पुरे.

‘चित्र बनावट असेल तर गुन्हा नाही.’ संगणकनिर्मित, खऱ्या बालकापासून वेगळे ओळखू न येणारे चित्रही त्याच २०१९ च्या दुरुस्तीतील बाल-अश्लील साहित्याच्या व्याख्येत येते.

‘मुलग्यांना हा कायदा लागू नाही.’ पोक्सोतील ‘बालक’ म्हणजे १८ वर्षांखालील कोणतीही व्यक्ती.

‘असे साहित्य नुसते जवळ ठेवले तर काय बिघडते?’ मद्रास उच्च न्यायालयाने २०२४ च्या आरंभी असेच मानले होते. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ रोजी ते मत फेटाळले. असे साहित्य नष्ट न करता, न कळवता बाळगणे यावरून ते पसरवण्याच्या हेतूचे अनुमान निघू शकते.

‘तक्रार केली की मुलीचे नाव चव्हाट्यावर येते.’ ओळख प्रकट करणे हाच पोक्सोच्या कलम २३ खाली अपराध आहे; जबाब घरी, गणवेशात नसलेल्या आणि शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावयाचा असतो.

‘आधी सगळे पुसून टाका.’ पुसू नका आणि कोणालाही पुढे पाठवू नका. तो पुरावा आहे, फोनसह पोलिसांकडे द्या.

मग कायदा बळकट करावा तो कोठे? जेथे खरोखर उणीव आहे तेथे. विश्वास संपादण्याचा जो आरंभीचा टप्पा, ज्यात अद्याप एकही अश्लील शब्द उच्चारलेला नसतो, त्याची स्वच्छ व्याख्या आपल्या या दोन्ही कायद्यांत नाही. इंग्लंडने २००३ मध्येच, असा विश्वास संपादून लैंगिक हेतूने बालकाच्या भेटीस निघणे हा स्वतंत्र अपराध ठरवला. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७८ अन्वये तपास निरीक्षक वा त्याहून वरिष्ठ दर्जाचा अधिकारीच करू शकतो, तेव्हा असे प्रशिक्षित अधिकारी पुरेसे नसतील तर कडक कलम दप्तरातच पडून राहणार. शक्य तोवर वर्षभरात खटला संपवावा असे पोक्सोचे कलम ३५ सांगते, ते पाळले जावे. समाजमाध्यम कंपन्यांनी असे साहित्य आढळताच पोलिसांना कळवलेच पाहिजे, त्यावाचून त्यांना कायद्याचे संरक्षण मिळणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ च्या त्याच निकालात बजावले आहे. त्यावर कसोशीने देखरेख हवी.

आणि एक काम आपल्यापैकी प्रत्येकाच्या हाती आहे. गुन्हा कळवण्याचे कर्तव्य पोक्सोच्या कलम १९ ने केवळ आईबापांवर नव्हे, तर तो ठाऊक असलेल्या प्रत्येकावर टाकले आहे. ठाण्यात कोणी ‘प्रत्यक्ष काही घडलेच नाही’ म्हणून परत पाठवू लागला, तर आवाज न चढवता कलम ११ दाखवावे. अशा प्रत्येक खबरीला नोंद क्रमांक देऊन ती लेखी घेणे, खबर देणाऱ्यास वाचून दाखवणे व नोंदवहीत चढवणे हे बंधनकारक असून, ते न करणाऱ्यास कलम २१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो क्रमांक मागून घ्यावा, आणि तो हाती पडेपर्यंत मुलीला घरी घेऊन परतू नये.